हिरवळ नको, रात्रीची खोली पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की कुत्र्यासाठी बोर्डिंग शोधण्याची धावपळ सुरू होते आणि बरेच जण फोटोतली हिरवळ पाहून जागा ठरवतात. कुत्र्याचा बहुतेक वेळ मात्र खोलीत किंवा पिंजऱ्यात जातो. पाहायची ती जागा. इतर कुत्री बिथरतात म्हणून आत सोडत नसतील तर दारातून दाखवा म्हणावे. तेही नाकारले तर सरळ परत फिरावे.

आत डोळे चुरचुरले तर लघवी वेळेवर धुतली जात नाही, हे समजावे. दोन खोल्यांमधली भिंत भरीव हवी. नुसत्या जाळीतून खोकल्याचे तुषार पलीकडे जातात. बाहेर जायला एकामागे एक दोन दारे हवीत. घाबरलेला कुत्रा पट्टा सोडवून पळतो तो दारातूनच.

लसीकरणाचे कार्ड न मागता जे तुमचा कुत्रा ठेवून घेतात, त्यांनी शेजारच्या कुत्र्याचेही कार्ड पाहिलेले नसते. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्वोबरोबर केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांतल्या संसर्गजन्य खोकल्याची, लसही विचारायला हवी. नाकात द्यायची लस निदान आठवडाभर आधी द्यावी. इंजेक्शनची असेल तर पहिल्या खेपेला काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून महिना-दीड महिना आधीच पशुवैद्याकडे जावे. लशीने खोकला हमखास टळत नाही, पण सहसा सौम्य राहतो. फरशी कशाने पुसता, हेही विचारा. पार्वोचा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. आधी घाण धुऊन मग १ भाग ब्लीच, ३० भाग पाणी हे द्रावण १० मिनिटे ओले राहू द्यावे लागते.

आणि रात्री तिथे माणूस झोपतो का? मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगून पीळ पडला तर काही तासांत जीव जातो. कॅमेरा त्याला दवाखान्यात नेत नाही.

खाणे घरचेच, दोन दिवसांचे जास्त द्यावे. अचानक बदलले की जुलाब होतात. औषधांच्या वेळा, पशुवैद्याचा नंबर आणि तुमचा फोन लागला नाही तर उपचारांवर किती खर्च करायचा, हे लिहून सही करून द्यावे. लांबच्या मुक्कामाआधी एक रात्र ठेवून पाहावे. सोडताना आणि परत आणताना वजन करावे, कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासाव्यात. केनेल कफ दिसायला २ ते १४ दिवस लागतात, तोवर त्याला इतर कुत्र्यांत सोडू नये.

आपला,
एक श्वानप्रेमी वाचक