कांदा काढणीच्या दिवसांत घरी लिहिलेले पत्र

एमेलोर्ड, नेदरलँड्स
रामनवमी, ६ एप्रिल २०२५

तीर्थरूप आप्पा व आई यांस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, थंडी सरली आहे आणि दोन्ही वेळा पोळी-भाजी मी करतो. फोनवर आवाज खोल वाटला तो सर्दीमुळे, त्यातून दुसरा अर्थ काढू नकोस.

आप्पा, १ एप्रिलपासून कांद्यावरचे निर्यातशुल्क उठले हे वाचून आनंद झाला, पण राग गेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान किंमत लावून, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर. असे वीस महिने नियम फिरत राहिले. उन्हाळ कांदा निदान कांदाचाळीत साठवून ठेवता येतो; बंदी आली ती न टिकणाऱ्या लाल कांद्यावर. बंदी आली त्या, २०२३ च्या ७ डिसेंबरच्या रात्री मी सुट्टीवर घरीच होतो. ट्रॉली भरून ताडपत्री बांधलेली होती. सकाळी लासलगावचे लिलाव बंद पडल्याचे कळले आणि तुम्ही कोणाशी न बोलता एकेक गाठ सोडत बसलात. तो माल पुढे निम्म्या भावाने गेला.

इथल्या लोकांची एक सवय मला तीन वर्षांत पचलेली नाही. प्रत्येकाजवळ दैनंदिनी असते आणि तिच्यात नोंद असल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. शेजारचे आजोबा कांदा पिकवतात. त्यांची वखार पाहायला येऊ का, असे मी त्यांच्या दारात उभा राहून विचारले, तर त्यांनी वही आणली, पाने उलटली आणि पेन्सिलीने लिहिले : तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार, साडेतीन. त्या दिवशी गेलो, तर कॉफी आणि एकच बिस्कीट. साडेचारला ते उठले, म्हणजे मीही उठायचे. आधी मला अपमान वाटला होता. वखारीत उभा राहिल्यावर मात्र तुमचीच आठवण आली. या देशातला बहुतेक कांदा परदेशी जातो, आणि युरोपचे शेतीधोरण २०२३ ते २०२७ असे आधीच ठरलेले आहे. तक्रारी त्यांच्याही आहेत. शेतीतून होणाऱ्या नायट्रोजन-प्रदूषणाच्या प्रश्नावर २०१९ मध्ये इथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले होते. पण एका रात्रीत निर्यात बंद होईल, ही भीती त्यांना नाही.

पुण्याच्या मावशीलाही कांदा परवडला पाहिजे, हे मला मान्य आहे. त्यासाठी सरकारने बाजारभावाने घेऊन स्वस्तात विकावा आणि तोटा तिजोरीने सोसावा. आज तो निफाड, येवला, चांदवड सोसतात. शेतकरीच नव्हे, हमाल, गाडीवाले आणि खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकासुद्धा. शिवाय आपला माल थांबला की गिऱ्हाईक पाकिस्तान, इजिप्तकडे वळते, आणि ते सहज परत येत नाही.

ताईच्या लग्नासाठी अडीच लाख बुधवारी पाठवतो. ३१ मार्चला सोसायटीचे पीककर्ज भरायला तुम्ही हातउसने घेतल्याचे मला काकांकडून कळले. मला का कळवले नाहीत? आधी ते फेडा. माझ्या लग्नाचे दिवाळीनंतर पाहू. इथे कोणी आहे म्हणून टाळतो, असे आईने मनात आणू नये. हळदीच्या आदल्या दिवशी पोहोचतो. रजा नऊच दिवसांची मिळाली, म्हणून यंदाही काढणीला मी नाही. मजूर मिळत नसतील तर रोज वाढवून द्या, पैसे मी देतो. पण या उन्हात आईला वावरात बसवू नका.

आपला,
धाकटा