प्रशिक्षण एकीला नको, आख्ख्या केंद्राला द्या

मा. आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

सादर नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली. उभी हयात परिचारिका म्हणून सरकारी आरोग्य केंद्रांत काढली, आता निवृत्त आहे. आपल्या दारात मागण्या घेऊन येणाऱ्यांची रांग मोठी असते, म्हणून आधीच सांगते: कुणाची बदली करून हवी नाही, पेन्शनची फाईल अडकलेली नाही आणि नवी इमारतही नको आहे. खात्यात नवी योजना, नवं यंत्र, नवी उपचारपद्धत येते, तेव्हा ती रुजणार की कपाटात जाणार, हे त्या केंद्रातली माणसं एकमेकांशी बोलतात की नाही यावर ठरतं. खातं बाकी सगळ्याची तजवीज करतं. ही एक तेवढी राहून जाते.

प्रशिक्षणाचंच घ्या. पणजीहून पत्र येतं, प्रत्येक केंद्रातून एक प्रतिनिधी पाठवा. मग ओपीडीत ज्याच्यावाचून अडणार नाही, त्याची निवड होते. (हे पत्र काढणाऱ्यांनाही ठाऊक आहे.) दिवसभर स्लाइड, दुपारी जेवण, हजेरीच्या तक्त्यावर सही, हातात एक फाईल. दुसऱ्या दिवशी ती बाई केंद्रात येऊन सांगते, रक्तदाब मोजण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं आणि दोनदा मोजायचा. डॉक्टर म्हणतात, बाहेर एवढी गर्दी, बघू नंतर. पाच मिनिटं बसवायला खुर्ची कुठे ठेवायची हे शिपायाला कुणी सांगितलेलं नसतं. औषधाच्या खिडकीवरच्या माणसाला तर यातलं काहीच ठाऊक नसतं. आठवडाभर ती बाई एकटी झगडते, मग तीही पूर्वीसारखं करू लागते. अहवालात मात्र प्रशिक्षण शंभर टक्के.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत छातीचं हाड न कापता छोट्या छेदातून हृदयाची शस्त्रक्रिया करण्याचं तंत्र आलं, तेव्हा एमी एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी 16 इस्पितळांचा अभ्यास केला. तो 2001 मध्ये छापून आला. प्रशिक्षण सगळ्यांना सारखंच मिळालं होतं. या तंत्रात सर्जनला सगळं डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे नर्स, भूलतज्ज्ञ आणि हार्ट-लंग मशीन चालवणारा काय सांगतो यावर त्याला विसंबावं लागतं. तंत्र लवकर आत्मसात कुणी केलं? मोठ्या नावाच्या इस्पितळांनीच केलं असं झालं नाही. जिथं सर्जनने माणसं निवडून घेतली, सुरुवातीच्या शस्त्रक्रियांना तीच माणसं ठेवली आणि ‘मला दिसत नसेल तर तुम्ही बोला’ असं बजावलं, ती इस्पितळं पुढे गेली.

एवढ्या लांब तरी कशाला जावं? आपल्याच गोव्यात 2018 मध्ये ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू झाला. हृदयविकाराचा झटका आलेल्याचा ईसीजी जवळच्या केंद्रात काढायचा, तो तज्ज्ञांना पाठवायचा, त्यांनी होकार दिला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच द्यायचं आणि मग 108 च्या रुग्णवाहिकेतून पेशंटला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्यायचं. योजना उत्तम आहे, तिने जीव वाचतात. पण कागदावर चार ओळींत मावणारी ही साखळी प्रत्यक्षात किती हातांतून जाते, ते पाहिलेलं सांगते.

एका केंद्रात (नाव घेत नाही) ईसीजीचं यंत्र प्रयोगशाळेच्या खोलीत कुलपात असायचं. किल्ली तंत्रज्ञाकडे आणि तंत्रज्ञ संध्याकाळी घरी. छातीत दुखायला ऑफिसची वेळ थोडीच कळते! तिथं नव्याने आलेल्या डॉक्टरबाईंनी एका दुपारी सगळ्यांना बोलावलं, झाडूवालीपासून. म्हणाल्या, रात्री दोनला पेशंट आला तर कोण काय करील ते बोलू नका, करून दाखवा. एक जण पेशंट होऊन खाटेवर आडवा झाला. नर्स किल्लीसाठी धावली, किल्ली नाही. यंत्र आणलं, तर प्लग खाटेच्या पलीकडच्या भिंतीला, वायर पोचेना. सगळे हसले. तेव्हा अटेंडंट हळूच म्हणाला, ‘मागे एक ट्रॉली पडून आहे, यंत्र तिच्यावर ठेवून कॅज्युअल्टीतच ठेवूया आणि खाट फिरवूया.’ खाट फिरवली. दहा मिनिटांचं काम होतं. त्या अटेंडंटने ती ट्रॉली रोज पाहिली होती, पण त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे डॉक्टरबाईंची बदली झाली. नव्या साहेबांनी स्टॉक रजिस्टर तपासलं, यंत्राची नोंद प्रयोगशाळेत. यंत्र परत कुलपात गेलं.

दुसरं उदाहरणही घरचंच आहे. ‘संगत’ या आपल्या गोव्यातल्या संस्थेने आरोग्य खात्याच्या केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत ‘मानस’ नावाची चाचणी केली. उदासी आणि चिंतेचे आजार असलेल्या रुग्णांसाठी साधं प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं समुपदेशक म्हणून बसवली. केंद्रातला डॉक्टर औषध देई आणि अवघड केसला मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी असे. निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत ही व्यवस्था होती तिथं सहा महिन्यांनी 65.9 टक्के रुग्ण बरे झाले होते, नव्हती तिथं 42.5 टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. माझ्या मते कारण उघड आहे. खाजगीतला डॉक्टर घरातल्या चार पिढ्यांना ओळखतो, निवांत बोलतो. सरकारी ओपीडीत एकट्या डॉक्टरला ते शक्यच नाही, तिथं बोलणारा दुसरा माणूस जोडीला लागतो. हे काम जगभर नावाजलं गेलं. आज आपल्या किती केंद्रांत असा समुपदेशक रोज बसतो, हे आपण एकदा विचारून पाहावं.

आता समाजकल्याणाकडे येते, कारण आजार आणि घरची परिस्थिती वेगळ्या करता येत नाहीत. 2011 च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढच्यांचं प्रमाण 11.2 टक्के होतं, देशात केरळच्या खालोखाल. मुलं आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात, म्हातारी माणसं घरी एकटी. इतर राज्यांत आशा ताई आहेत, आपल्याकडे ती योजनाच नाही. इथं दारोदार जाते ती आरोग्य केंद्राची एएनएम, म्हणजे गावात फिरणारी परिचारिका, आणि अंगणवाडीची सेविका. दोघी एकाच वाड्यावर फिरतात, एकाच घरात पाणी पितात आणि दोन वेगळ्या रजिस्टरांत लिहितात. मोठ्या इस्पितळातून पाय कापून घरी आलेल्या आजोबांचं डिस्चार्ज कार्ड पिशवीतच राहतं, इन्सुलिन ठेवायला फ्रीज नसतो, आणि हयातीचा दाखला न गेल्याने दयानंद सुरक्षा योजनेचं मानधन थांबलेलं असतं. या तीन गोष्टी तीन खात्यांना वेगवेगळ्या ठाऊक असतात. सेविकेला तिन्ही ठाऊक असतात, पण तिचं ऐकायची वेळ कुणाच्याच वेळापत्रकात नाही.

एप्रिलमधल्या एका तपासणी शिबिराची गोष्ट. महिलांची मधुमेह आणि रक्तदाब तपासणी, सकाळी दहाची वेळ, मंडप, बॅनर, पाहुणे. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. अहवालात लिहिलं, ‘जनजागृतीचा अभाव’. सेविका माझ्या कानाशी म्हणाली, ‘काजूच्या दिसांनी सकाळी बायलो घरा मेळटल्यो?’ हंगामात सगळ्या डोंगरावर बोंडू वेचत असतात, हे पणजीतल्या साहेबांना कसं कळणार? पुढचं शिबिर तिच्याच सांगण्यावरून संध्याकाळी देवळाच्या मंडपात घेतलं, आणि साखर तपासायच्या पट्ट्या अपुऱ्या पडल्या.

वरून सक्ती केली की काम होतं, असं वाटणं साहजिक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायची जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी घ्या. आठ शहरांतल्या इस्पितळांत, दिल्ली त्यात होती, ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आल्याचं 2009 मध्ये छापून आलं. मग कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने ती सगळ्या इस्पितळांना लागू केली. 2014 मध्ये 101 इस्पितळांचा हिशेब मांडला, तर मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही. यादीत खुणा मात्र झालेल्या होत्या. त्या यादीत एक साधी गोष्ट आहे: खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. नाव सांगितलेला माणूस पुढे चूक दिसली तर बोलतो. यादी नुसती फाईलला लावली की हेच पहिलं गळतं.

आपल्या खात्यातली उतरंड आपल्याला माहीत आहेच. डॉक्टरांपुढे नर्स बोलत नाही, नर्सपुढे अटेंडंट बोलत नाही, आणि अंगणवाडीच्या सेविकेला केंद्रात बसायला खुर्चीसुद्धा मिळत नाही. त्यात आरोग्य आणि महिला व बालविकास ही दोन्ही खाती आपल्याकडेच आहेत. त्यामुळे एएनएम आणि सेविका या दोघींना एका टेबलाशी आणायला मंत्रिमंडळाची मंजुरी लागणार नाही, आपली एक सही पुरेल.

नवी पद्धत आणायची तर प्रशिक्षण केंद्रातच येऊ दे. प्रशिक्षकाने एका दुपारी येऊन डॉक्टरपासून अटेंडंटपर्यंत सगळ्यांना एकत्र करून दाखवावं, त्यांच्याकडून करून घ्यावं आणि महिन्याभराने पुन्हा बघायला यावं. त्या दुपारपुरता शेजारच्या केंद्रातून बदली डॉक्टर द्यावा, नाहीतर ओपीडीचं कारण तयार असतं. माणसं कमी आहेत, हे मला कुणी शिकवायला नको. पण कमी आहेत म्हणूनच तीच माहिती दोन रजिस्टरांत आणि वर टॅबलेटवर भरून घेणं आधी बंद करा, पुष्कळ वेळ तिथंच सुटेल. नवं काम सुरू झाल्यावर निदान सहा महिने त्या केंद्राच्या बदल्या थांबवा. कुलपात परत गेलेलं ते यंत्र मी अजून विसरलेले नाही.

आणि महिन्यातून एकदा केंद्राची माणसं, वाड्यांवरच्या सेविका, 108 चा एक जण, समाजकल्याण खात्याचा एक जण आणि पंच यांनी तासभर एकत्र बसावं. अडलेल्या घरांची नावं घ्यावीत, बाकी भाषणं नकोत. बोलायला सुरुवात सेविकेने करावी, डॉक्टरांनी शेवटी बोलावं. या बैठकीसाठी कृपा करून नवं अ‍ॅप काढू नका, फोटोही मागवू नका. इतिवृत्त हवंच असेल तर अर्धं पान पुरे: काय अडलं, कोण बघणार, कधीपर्यंत.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
सत्तरी, गोवा