पॅट्रिक्स डेच्या परेडसाठी ढोल, वडे आणि माणसं हवीत

सप्रेम नमस्कार,

यंदा सेंट पॅट्रिक्स डे मंगळवारी, १७ मार्चला आहे आणि दोनच दिवसांनी, १९ तारखेला आपला पाडवा. त्या आठवड्यात सगळ्यांची धांदल असणार हे ठाऊक असूनही मंडळ वर्गणी मागायला आलं आहे. माँट्रियलच्या परेडमध्ये आपलं ढोल-ताशा पथक सलग दुसऱ्या वर्षी चालणार आहे.

‘आयरिश लोकांच्या सणाला आपण का पैसे काढायचे?’ हा प्रश्न मागच्या बैठकीत आला. रास्त आहे. आपली सहा-सात घरं ग्रिफिनटाउनच्या टॉवरमध्ये राहतात. तो भाग एके काळी कालव्यावर आणि गिरण्यांमध्ये राबणाऱ्या आयरिश मजुरांच्या चाळवस्तीचा. तिथून थोडं पुढे, व्हिक्टोरिया पुलाजवळ, रस्त्याच्या मधोमध एक मोठा काळा धोंडा आहे. दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट जातात, त्यामुळे तिथे थांबून कुणी तो वाचत नाही. १८४७ मध्ये आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळातून पळून आलेली माणसं जहाजांतच तापाने फणफणत इथे उतरली. नदीकाठच्या लाकडी शेडमध्ये सुमारे सहा हजार जण दगावले आणि तिथेच पुरले गेले. त्यांची शुश्रूषा करता करता नन्स गेल्या, शहराचे महापौर जॉन मिल्सही गेले. बारा वर्षांनी पूल बांधणाऱ्या मजुरांना ती हाडं सापडली. ती पुन्हा कुणी उकरू नयेत म्हणून त्यांनीच नदीच्या पात्रातला हा धोंडा आणून तिथे उभा केला. त्याच दुष्काळात कलकत्त्यातूनही आयर्लंडसाठी सुमारे १४ हजार पौंड गेले होते. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या आयरिश लोकांचे पैसे होते, तसे हिंदी शिपायांचेही. तेव्हा वर्गणीचा पायंडा आपण पाडत नाही आहोत.

इथली परेड १८२४ पासूनची. हिरवी टोपी घालून बिअर पिण्याचा दिवस एवढीच या सणाची ओळख असेल, तर एकदा आमच्याबरोबर चालून बघा.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी परेड निघाली आणि ओला बर्फ सुरू झाला. चामड्याची पानं अशी सैल पडली की दोऱ्या ओढून ओढून हातांना फोड आले, तरी ढोल डबडबच वाजत होता. ताशा तर दुसऱ्या चौकातच मुका झाला. पोरं टिपरू आपटत राहिली, पाठीमागचा बॅगपाइपवाला आमच्याकडे दयेने बघत राहिला. म्हणून यंदा आठ ढोलांना आणि दोन ताशांना फायबरची पानं बसवायची आहेत. त्यात एक दिवसाचं टेम्पोभाडं आणि फेट्यांचं कापड धरून ९०० डॉलर लागतील. ३१० जमलेत. घरटी वीस डॉलर आले तरी भागेल, पण जास्त देणाऱ्याला अडवणार नाही.

फेट्यांवरून थोडा वाद झाला, तो मिटवून टाकतो. काहींना भगवाच हवा होता. आयरिश झेंड्यात हिरवा, पांढरा, नारिंगी असे तिन्ही रंग आहेत हे खरं. त्यातला नारिंगी तिथल्या प्रोटेस्टंटांचा, हिरवा कॅथलिकांचा आणि मधला पांढरा दोघांच्या सलोख्याचा. पण नुसताच नारिंगी मिरवला तर जुन्या भांडणाची आठवण निघू शकते. पाडव्याला भगवा घालूच. परेडला हिरवा.

पैशांपेक्षाही माणसं हवी आहेत. दोन ढोलवादक कमी पडताहेत. शिवाय गर्दी आणि टेम्पोची चाकं यांच्या मध्ये चालणारी, पोरांवर डोळा ठेवणारी चार धडधाकट माणसं हवीत. ते काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो. सराव दर शनिवारी दुपारी, नेहमीच्या गोदामात.

परेडनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण असतं. आयरिश मंडळी सोडा ब्रेड आणि कोबी-बटाटा करतात. ‘आम्ही बटाटेवडे आणू का?’ असं मी जरा बिचकतच विचारलं. तिथलं स्वयंपाकघर बघणाऱ्या आजी म्हणाल्या, ‘बटाट्याला आम्ही नाही म्हणू असं वाटलं तरी कसं तुला?’ तेव्हा दीडशे वडे हवेत. तिथे तळायला परवानगी नाही, घरूनच तळून आणावे लागतील. लसणाची चटणी वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर ‘तिखट’ असं इंग्रजी-फ्रेंच दोन्हींत मोठ्या अक्षरांत लिहा.

वर्गणी खजिनदारांकडे १ मार्चपर्यंत द्यावी. पावती मिळेल, हिशेब पाडव्याच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.

आपला,
कार्यवाह