कलमाच्या समासातलं नाव

वकील मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

आधी राग काढून घेतो. परदेशी कंपनीचा पेटंट असलेला व्हॉल्व्ह आम्ही बनवायचा, त्या लायसन्सचा मसुदा तुमच्याआधी मुंबईच्या वकिलांच्या एका बड्या फर्मकडे गेला होता. काचेची केबिन, तासावर फी आणि उत्तर काय, तर "स्टँडर्ड फॉरमॅट आहे, परदेशी कंपन्या बदलत नाहीत, सही करून टाका." व्हॉल्व्हचं पेटंट त्यांचं, कबूल. पण त्याला लागणारं ग्रीससुद्धा त्यांच्याकडूनच घ्यायचं, जे आमच्या भोसरीत कोपऱ्यावर मिळतं! पेटंट मुळात खरं की खोटं हे आम्ही कधी विचारायचं नाही. पेटंटची २० वर्षं संपली तरी रॉयल्टी चालू. आणि व्हॉल्व्हमध्ये आम्ही काही सुधारणा केलीच, तर ती आपोआप त्यांच्या मालकीची.

पेटंट कायदा १९७० मधलं कलम १४० यातल्या रॉयल्टीची सोडून बाकीच्या अटींना रद्दबातल ठरवतं, हे तुम्ही दाखवलंत. आणि रॉयल्टीसाठी कलम १४१, ते तर त्या फर्मने उघडलंही नसावं. पेटंट संपलं की तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार मोडता येतो, मग करारात काहीही लिहिलेलं असो. मी तावातावाने बड्या कंपन्यांची दादागिरी रोखणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे निघालो होतो, तेव्हाही तुम्हीच थांबवलंत. एरिक्सन या मोबाइल तंत्रज्ञानातल्या कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये सांगितलंय की पेटंट लायसन्सच्या जाचक अटींचा प्रश्न पेटंट कायद्याखालीच सोडवायचा, आयोगाने त्यात पडायचं नाही. "तक्रार कशाला, आत्ताच कागद नीट करून घेऊ," म्हणालात.

पण ही झाली हुशारी, ती पैसे मोजले की मिळते. मला सांगायचंय ते वेगळंच. मसुद्यातल्या सुधारणांच्या कलमापाशी आलात आणि विचारलंत, "आजवर सुधारणा केली कुणी?" म्हटलं, टूलरूममधल्या मामांनी. व्हॉल्व्हची झडप जिथे टेकते त्या सीटचा कोन त्यांनी बदलला आणि गळती थांबली. तुम्ही फाइल मिटून सरळ टूलरूम गाठलीत. तेलाने माखलेल्या बाकावर बसून, "मामा, परत एकदा दाखवा ना," म्हणत अख्खा व्हॉल्व्ह उघडून समजून घेतलात. मग त्या कलमाच्या समासात पेन्सिलीने मामांचं नाव लिहिलंत, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

मामा नववी नापास. ऑफिसच्या कागदावर त्यांचं नाव यायचं ते पगारपत्रकात आणि रजेच्या अर्जावर.

समोरच्या कंपनीशी बोलतानाही तुम्ही कलमाचा आकडा न सांगता मामांचं नाव घेत होतात. शेवटी ठरलं ते असं: सुधारणा आमची, त्यांना वापरायची मुभा, आम्ही ती दुसऱ्यालाही देऊ शकतो. ग्रीसची अट गेली. रॉयल्टी पेटंटबरोबरच संपणार.

सरळ माणसं बहुधा जिन्याखालच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच बसत असावीत, असं हल्ली वाटायला लागलंय. काचेच्या केबिनवाल्यांनी राग मानू नये. मानला तरी चालेल म्हणा.

एक तक्रार आहे. बिलात टूलरूममधली ती दुपार तुम्ही धरलेलीच नाही. ती धरून नवं बिल पाठवा. मामांचंही हेच म्हणणं आहे, आणि या कारखान्यात त्यांचा शब्द मीसुद्धा मोडत नाही.

आपला,
भोसरीचा व्हॉल्व्हवाला