निखिलच्या पायाबद्दल

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय सुधाकर,

परवा फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही. तुझ्या निखिलची नडगी मोडून आठ महिने झाले, हाड धरत नाही, आणि ‘स्टेम सेल’ म्हणजे मूळ पेशी टोचून हाड जुळवू म्हणणाऱ्या त्या जाहिरातीवर विसंबून तू कलमांची जमीन विकायला काढतोयस. फोनवर मला धड बोलता आलं नाही म्हणून लिहायला बसलो. आधी एवढं ऐक, इसार घेऊ नकोस.

माझ्या पायाचं तुला माहीत आहे, पण सगळं कधी सांगितलं नाही. घोडबंदर रोडला स्कूटर खड्ड्यात गेली, उजवी नडगी मोडली, रॉड घातला. मग दर महिन्याला एक्स-रे आणि ‘होईल, कॅल्शियम घेत राहा’ हे एकच उत्तर. दहाव्या महिन्यातही एक्स-रेमधली काळी रेघ जशीच्या तशी होती. पाय टेकला की आतून कळ यायची. सुमन रात्री उठून बघायची, मी जागा आहे का. हाड का धरत नाही, हे त्या दहा महिन्यांत एकाही माणसाने सांगितलं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ते सांगितलं दुसऱ्या डॉक्टरांनी. सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे ओळीने लावले आणि बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, न जुळणारं हाड दोन तऱ्हेचं असतं. एकात टोकं हत्तीच्या पायासारखी फुगतात. म्हणजे हाड वाढायला बघतंय, पण आतला आधार हलतोय. तिथे आधार घट्ट केला की बहुतेक वेळा काम होतं. दुसऱ्यात टोकं सुकलेल्या फांदीसारखी निमुळती होतात, वाढच थांबते. माझं हे दुसरं होतं. नडगीच्या खालच्या भागावर पुढून मांस नाही, कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे रक्तपुरवठा मुळातच बेताचा. सुधाकर, निखिलचं यातलं कोणतं आहे, हे कुणी सांगितलंय का तुला? आणि आत जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासलंय? पू असलेल्या जागी पेशी टोचल्या तरी काही साधत नाही.

अशा सुकलेल्या हाडाला जुना, खात्रीचा उपाय म्हणजे कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरणं. त्यात कमरेलाही मोठी जखम होते आणि ती बरेच दिवस दुखते. डॉक्टर म्हणाले, त्याच हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, सुईने काढून फटीत सोडायचा एक अभ्यास चालू आहे, यायचं का? नीतिमत्ता समितीची परवानगी दाखवली, मराठीतला कागद दोनदा वाचून दाखवला, मग मी सही केली. त्या प्रक्रियेचा एक रुपयाही घेतला नाही.

त्या दिवसाचं नीट सांगतो. कमरेखाली भूल होती, मी जागा होतो. कमरेच्या हाडाच्या कडेत जाड सुई घातली, त्याचा दाब कळत होता, दुखत नव्हतं. मला वाटलं एकदम भरभरून ओढतील. तसं नाही. दोन-चार मिली ओढायचे, सुई थोडी फिरवायची, पुन्हा थोडं, मग जागा बदलायची. एका जागी जास्त ओढलं तर नुसतं रक्तच येतं आणि मगज पातळ होतो. हाड घडवणाऱ्या मूळ पेशी, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो, त्या मगजातही फार थोड्या असतात. दहा हजार ते लाख पेशींत एखादी. म्हणून तो गाळून, यंत्रात गरगर फिरवून दाट करतात. शेवटी एका सिरिंजमध्ये मावेल एवढा काळपट लाल रस उरला. तो एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत फटीत सोडला. टाके नाहीत, फक्त चिकटपट्टी.

पेशी मोजण्यावर डॉक्टरांचा भर होता. फ्रान्सच्या फिलिप एर्निगू यांनी २००५ साली न जुळलेल्या ६० नडग्यांचा हिशेब मांडला. मगज सोडल्यावर ५३ जुळल्या, आणि ज्या ७ जुळल्या नाहीत त्यांत सोडलेल्या पेशींची संख्या कमी पडली होती. तुलनेसाठी दुसरा गट मात्र त्यात नव्हता. म्हणूनच डॉक्टर मला म्हणाले, खात्री देत नाही, प्रयत्न करू.

तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेमध्ये काळ्या रेघेच्या एका कडेला धुरासारखं काहीतरी पांढुरकं दिसलं. मला कळलं नाही, सुमनला आधी दिसलं. सहाव्या महिन्यात कुबड्या सोडून मासुंदा तलावाला एक फेरी मारली. रंगायतनच्या समोर येऊन कठड्याला धरून उभा राहिलो आणि रडलो.

आता तुला आलेल्या त्या जाहिरातीचं. ते दुसऱ्या कुणाच्या नाळेतल्या पेशी टोचणार म्हणतात, एक्स-रे न बघता ‘शंभर टक्के’ म्हणतात आणि पैसे आगाऊ मागतात. आपल्या देशात २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसारख्या मान्य उपचारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणी झालेल्या चाचणीत करायचा, आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. त्यांना चाचणीचा नोंदणी क्रमांक विचार. काय उत्तर देतात ते मला कळव.

निखिलला आणखी एक सांग, बापासमोर कबूल करणार नाही तो, पण सिगारेट पूर्ण बंद. धुराने हाड जुळणं लांबतं, मग पेशी कितीही चांगल्या असोत. साखर आणि ड जीवनसत्त्वही तपासून घे.

पुढच्या आठवड्यात दोघं मांडवी एक्सप्रेसने या, ठाण्याला उतरा, मी स्टेशनवर येतो. नुसता शेवटचा नको, पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे आण. रिपोर्टांची पिशवी हातातच ठेव. डॉक्टरांची वेळ मी घेतलीय. आमच्याकडे लिफ्ट नाही, पण पहिलाच मजला आहे आणि खालचा वॉचमन खुर्ची धरायला येतो, माझ्या वेळीही यायचा. हॉलमधली कॉट खिडकीशी ओढून घेतलीय. माझा वॉकर सुमनने माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक