किल्ली देताना पाण्याचा कॉकही दाखवून जा

महोदय,

गणपती तोंडावर आले. मुंबई-ठाण्याची माणसं आता येऊन घरं उघडतील, पडव्या धुतील, पंप सुरू करतील, आणि कित्येक महिने कोरड्या पडलेल्या पाईपांत एकदम पाणी जाईल. दरवर्षी नेमकं याच दिवसांत आमच्या वाडीत कुणाचा ना कुणाचा पाईप फुटतो. आणि याच दिवसांत प्लंबर मिळत नाही, कारण गणपती त्याच्याही घरी असतो. हे पत्र चतुर्थीच्या आधी छापलंत तर फार बरं होईल.

मी गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज घरात ऐकू येते अशा वाडीत राहते. वाडीतल्या बऱ्याच बंद घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. किल्ली हातात देताना माणसं सगळं सांगतात. देवापुढे दिवा लावा, तुळशीला पाणी घाला, नारळ पडले तर उचलून ठेवा. घरातलं पाणी कुठून बंद होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या बंद घरातून पाण्याचा आवाज येत होता. रात्र होती, पाऊस लागलेला, त्यामुळे आधी वाटलं पागोळ्याच वाजतायत. पण पागोळीचं पाणी उंबऱ्याखालून बाहेर येत नाही. दार उघडलं तर माजघरात घोट्याच्या वर पाणी. बेसिनखालच्या जोडनळीचं नट तडकलं होतं आणि नळी सुटून भिंतीवर आपटत होती. त्या नळीच्या वरची तारेची जाळी गंजून तांबडी झाली होती, हात लावला तशी तिची तुसं बोटात घुसली. बेसिनखालचा अँगल कॉक फिरवायला गेले तर त्याची मूठच हातात आली. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या बाजूला ग्रामपंचायतीच्या नळाचा कॉक होता, तो पुतण्याने जाऊन बंद केला. पाणी तसंच चालू.

घरमालकाला विरारला फोन लावला. झोपेतून उठून तो म्हणाला, "काकी, मला काय म्हायती नाय. ती सगळी लाईन आप्पांनी करून घेतलेली." आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबरोबर त्या लाईनीची माहितीही गेली. शेवटी न्हाणीत, पिंपाच्या आणि सरपणाच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर कॉक सापडला. त्याचं चाक गंजून गळून पडलं होतं, नुसता दांडा उरला होता. तो पकडीने धरून थोडा थोडा फिरवला तेव्हा पाणी थांबलं. तोवर तांदळाची कणगी भिजली, पलंगाचे पाय भिजले, चिऱ्याच्या भिंतीने कमरेपर्यंत पाणी ओढून घेतलं. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो आणि पावसाळ्यात लवकर सुकत नाही. पुढे त्याच ओलीवर दाराच्या चौकटीला वाळवी लागली.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आमच्याकडे बहुतेक घरांत पाणी दोन वाटांनी येतं. एक ग्रामपंचायतीच्या नळाने, आणि दुसरी विहिरीवरच्या पंपाने स्लॅबवरच्या टाकीत चढून. घरातले नळ बहुतेक टाकीवर असतात. म्हणून गडग्याजवळचा कॉक बंद करून घरातलं पाणी थांबत नाही. टाकी रिकामी होईपर्यंत ते येतच राहतं. १००० लिटरची टाकी म्हणजे १ टन पाणी. त्यात टाकीला ग्रामपंचायतीची लाईन जोडलेली असेल तर पातळी उतरली की टाकीतला तरंगत्या गोळ्याचा बॉल कॉक उघडतो, आणि गावाला पाणी सुटलं की ती टाकी पुन्हा भरायला लागते. म्हणून दोन्ही वाटा बंद करायला हव्यात, आणि दोन्ही कॉक कुठे आहेत ते घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असायला हवं.

पाईप फुटला की माणूस पहिल्यांदा फडकं घेऊन धावतो. ते राहू द्या. पंप चालू असेल तर आधी तो बंद करा. पाणी बोर्डाच्या, फ्रीजच्या, मिक्सरच्या आसपास पोचत असेल तर मेन स्विच पाडा. पण हात-पाय कोरडे असतील आणि स्विचपर्यंत कोरड्यातून जाता येत असेल तरच. मेन स्विच गाठायला पाण्यातून जावं लागत असेल तर त्या खोलीत पाऊल टाकू नका, सगळ्यांना ओटीवर काढा आणि वायरमनला बोलावून खांबावरून वीज तोडून घ्या. माजघर भिजलं तर सुकेल. त्यानंतर कॉक. फुटलेल्या ठिकाणाला स्वतःचा अँगल कॉक असेल तर तेवढाच बंद करा, नाहीतर टाकीवरून खाली येणारा मुख्य कॉक.

तो सापडलाच नाही तर? मग घरातले बाकीचे सगळे नळ उघडा. विशेषतः परसातला, सगळ्यात खालच्या पातळीवरचा नळ पूर्ण सोडा. टाकीतलं पाणी वाटलं जातं, फुटलेल्या जागी जोर कमी होतो आणि बरंचसं पाणी घरात न जाता माडाच्या आळ्यात जातं. टाकीजवळचा कॉक बंद करायला रात्रीच्या पावसात शिडी लावून स्लॅबवर चढू नका, कुणी सांगितलं तरी. तिथे शेवाळ असतं. मी तर म्हणते, टाकीच्या खाली, उभ्या माणसाच्या हाताला येईल असा दुसरा कॉक प्रत्येकाने बसवूनच घ्यावा. घर बांधायला लाखो घालणारी माणसं या एका कॉकपाशी का अडतात, मला कळत नाही.

गीझर असेल तर त्याचं बटण आधी बंद करा, मग पाणी तोडा. आतलं पाणी उतरून कॉईल उघडी पडली आणि वीज चालू राहिली तर ती जळते. दुरुस्तीनंतरही गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून सलग धार येते का ते बघावं आणि मगच बटण लावावं.

मुख्य कॉक बहुतेक दोन प्रकारचे. चाकाचा गेट व्हॉल्व्ह बरेच आटे फिरवून बंद होतो. दांडीचा बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. दांडी पाईपच्या रेषेत असली तर चालू, आडवी असली तर बंद. खाऱ्या हवेत गेट व्हॉल्व्ह वापराविना राहिला की जाम होतो. जाम झालेल्यावर मोठा पाना लावून ताकद काढली तर आतला दांडा तुटतो आणि मग काहीच करता येत नाही. गंज सोडवायचा स्प्रे मारावा, थोडा वेळ थांबावं, पुढे-मागे थोडं थोडं फिरवत सोडवावा. वर्षातून दोन-तीनदा, शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीत घर उघडाल तेव्हा प्रत्येक कॉक एकदा बंद करून पुन्हा उघडा. पूर्ण उघडून झाला की चाक किंचित मागे आणून ठेवा, म्हणजे तो शेवटच्या आट्यावर आवळून बसत नाही. आणि बदलायची वेळ आली तर बॉल व्हॉल्व्हच घ्या, दांडी स्टेनलेस स्टीलची बघून घ्या. साधी लोखंडी दांडी समुद्राकाठी टिकत नाही.

पाईप फुटतात त्याची कारणंही इथली आहेत. वानरांची टोळी माडावरून टाकीवर आणि टाकीवरून पाईपवर उड्या मारते, मग एल्बोपाशी पाईप मोडतो. झावळी पडते. उघड्यावरचा प्लॅस्टिकचा पाईप वर्षानुवर्षं उन्हात राहून कडक होतो आणि जरा धक्का लागला की तडकतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडे किती घरांवरचे पत्रे आणि टाक्या गेल्या, ते आपल्याच वाचकांनी भोगलं आहे. टाकीखालचे पाईप भिंतीला क्लॅम्पने पक्के धरा, उघड्या पाईपांना रंग द्या, आणि बेसिनखालच्या जोडनळ्यांची जाळी तांबडी दिसली की बदला. गळायला लागेपर्यंत थांबू नका.

प्लंबर येईपर्यंत निभावायचं तर घरात थोड्या वस्तू असाव्यात: सायकलची जुनी ट्यूब, दोन क्लॅम्प, टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंचाचे दोन प्लग आणि एक पकड. नळ मुळातून तुटला तर पाणी बंद करून, टेप गुंडाळून त्या जागी प्लग बसवता येतो आणि बाकीचं घर चालू राहतं. पाईपला चीर गेली असेल तर पाणी बंद करून ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळावी आणि वरून क्लॅम्प आवळावा. टाकीच्या जोरावर हे एखाददोन दिवस निभतं. प्रेशर पंप असेल तर तो बंदच ठेवावा. पावसाळ्यात सोल्युशन लावून सांधा जोडायचा झाला तर पाईप आतून-बाहेरून कोरडा करा, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्तच थांबा. दमट हवेत ते लवकर धरत नाही. घाईने पाणी सोडलं की तोच सांधा पुन्हा सुटतो.

पाणी तुंबण्याचा प्रकार वेगळा. मुसळधार पावसात जमिनीतलं पाणी वर येतं आणि शौचालयाची टाकी भरून भांड्यातून उलटं यायला लागतं. तेव्हा घरातलं पाणी वापरणं थांबवा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि टाकीचं झाकण काढून कुणाही माणसाला आत उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो. संरक्षणाशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडीच बोलवा, उशीर झाला तरी चालेल.

ग्रामपंचायतींना माझी एक विनंती आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरापर्यंत आणायचं ठरवलं. नळ आले, त्याबद्दल आम्ही बायका तरी मनापासून आनंदी आहोत. डोक्यावरच्या हंड्यांचे दिवस मी पाहिलेत. त्याच योजनेत गावातल्या पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवतात. त्याच महिलांना कॉक बंद-चालू करणं, वायसर बदलणं, टेप लावून नळ बसवणं एका दुपारी शिकवता येईल. पाईप फुटतो तेव्हा गावात हजर असतो तो आम्ही आणि म्हातारी माणसं. कर्ता माणूस मुंबईला किंवा बोटीवर. मग हे शिक्षण आम्हाला नको का? बचत गटांच्या बैठकीत हा विषय घेतला तर मी स्वतः येईन आणि जाम झालेला कॉक समोर सोडवून दाखवीन.

आणि मुंबईकरांना विनंती. यंदा विसर्जन झाल्यावर घर बंद कराल तेव्हा पंपाचं बटण, गीझर आणि दोन्ही कॉक बंद करून जा. टाकी भरलेली ठेवू नका. दोन्ही कॉकचे फोटो मोबाईलवर काढून किल्ली सांभाळणाऱ्याला पाठवा आणि कॉकच्या वर भिंतीवर रंगाने "टाकी" आणि "पंचायत" असं लिहून ठेवा. येताना तिकडून अर्ध्या आणि पाऊण इंचाचे एकेक बॉल व्हॉल्व्ह आणि बेसिनच्या दोन चांगल्या जोडनळ्या सामानात टाका. गणपतीत इथली हार्डवेअरची दुकानं अर्धा वेळ बंद असतात.

आपली,
एक वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी