ओझोऱ्याला निघालेल्या मृण्मयीस

सावंतवाडी

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवल्यापासून बाबांनी हा विषय काढलेला नाही. पण त्यांच्या मोबाइलवर म्युनिकच्या हवामानाखाली आता बुडापेस्टचं हवामान आलंय. रोज चहा घेताना "तिकडे आज चौतीस" एवढं बोलतात आणि पेपर उघडतात. त्यावरून काय ते समज. ओझोऱ्याच्या उत्सवाचं तिकीट काढून झाल्यावर तू सांगितलंस, हे त्यांना लागलंय. माझ्या मनात जे आहे ते फोनवर सांगता येईना. तू इतकी खुशीत बोलत होतीस की मध्ये तोंड घालवेना. म्हणून लिहायला बसले.

'ओझोरा' हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. सुहासने नेटवर काढून दाखवलं. हंगेरीतलं लहानसं गाव, भोवती टेकड्या आणि शेतं. ११ ऑगस्ट १९९९ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, ते बघायला जगभरातून माणसं तिथल्या माळावर जमली, आणि त्या मेळ्यातून हा उत्सव पुढे २००४ पासून भरायला लागला, असं त्यात होतं. तारीख वाचली आणि मी सुहासला म्हटलं, थांब जरा.

मिनू, त्या दिवशी तू माझ्या पोटात होतीस. माईंनी मला दुपारीच माजघरात बसवलं. विळी नको, सुई नको, खाणंपिणं नको. मी शिकलेली नर्स, मला त्यातलं काही पटत नव्हतं. पण त्याआधीचं सगळं माईंनी पाहिलेलं होतं, माझ्याबरोबर त्याही दवाखान्यात बसल्या होत्या. मग त्यांच्याशी काय वाद घालणार? त्या दारातच पाट टाकून बसल्या आणि मी हलले की म्हणायच्या, "भायर येव नको गो." आपल्याकडे ग्रहण खंडग्रास, ते संध्याकाळचं, त्यात श्रावण तोंडावर आलेला आणि आभाळ भरलेलं. बाहेर नेहमीपेक्षा जरा लवकर काळोखलं, एवढंच. तीच सावली त्याआधी दोन तासांच्या आत हंगेरीवरून गेली होती आणि रुमानिया, तुर्कस्तान, इराण करत कच्छात पोचली होती. तिकडे माणसं तिच्याखाली नाचत होती आणि इकडे मी तुला पोटात घेऊन दार लावून बसले होते. आता तू त्याच माळावर नाचायला निघालीस. मला याचा खूप आनंद झाला. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे काय काय लिहीन त्याचा नेम नाही.

"आई, ते संगीत तुला नाही कळायचं," असं तू म्हणालीस. अगं, त्याला जगभर गोवा ट्रान्स म्हणतात! लग्नाआधी मी म्हापशाला मावशीकडे राहून नोकरी करायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत हणजूण, वागातोरला रात्ररात्र ते चालायचं. कॅलिफोर्नियाहून येऊन राहिलेला तो जटाधारी गोवा गिल, चोवीस-चोवीस तास वाजवण्याबद्दल त्याची ख्याती. २०२३ मध्ये वारला तो, बातमी मी वाचली होती. आमच्या वॉर्डातल्या आयाची सासू त्या पार्ट्यांत चटई टाकून बसायची. रॉकेलच्या दिव्यावर चहा, ऑम्लेट. अशा कितीतरी बायका असायच्या, त्या मोसमावर त्यांची घरं चालायची. मी कधी आत गेले नाही. पण वारा तिकडून असला की तो ठेका यायचा, आणि आमची ड्यूटी त्या ठेक्यावर ठरायची.

कारण पहाटे माणसं आणली जायची. सगळी नाहीत, थोडी. पण तीच लक्षात राहतात. एक मुलगा होता, परदेशी, तुझ्याच वयाचा. दोघांनी त्याला टॅक्सीतून उतरवला, बाकड्यावर ठेवला आणि पोलिसांच्या भीतीने निघून गेले. काय घेतलं, किती घेतलं, कधी, सांगायला कोणी नाही. ताप १०६ च्या वर. आम्ही बर्फ लावत होतो, ओल्या चादरी टाकत होतो, आणि डॉक्टर एकच विचारत होते, "ह्याने घेतलंय काय?" सकाळी त्याच्या पासपोर्टात आम्ही त्याच्या घरचा फोन नंबर शोधत होतो. नंबर नव्हता.

म्हणून सांगते, कुणी काही दिलं तर घेऊ नकोस. गोळी नको, नशेचा कागद नको, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा नको. एक्स्टसी म्हणतात त्या नशेच्या गोळीने शरीराची उष्णता वाढते आणि दमल्याची जाणीव जाते. बाहेर चौतीस-पस्तीस डिग्री आणि माणूस तासन् तास नाचत राहतो. मग कोणीतरी सांगतं, पाणी पी, आणि तो पीतच सुटतो. ती गोळी शरीरातलं पाणी बाहेर पडू देत नाही. रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते, झटके येतात. अर्धीच घे, काही होत नाही, असं म्हणणाऱ्याला त्या गोळीत काय आहे ते स्वतःलाही माहीत नसतं. शिवाय हंगेरीत थोडंसं जवळ सापडलं तरी गुन्हा आहे, आणि तुझं सगळं तिकडचं राहणं त्या एका परवान्यावर आहे.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. तू काही घेशील असं मला वाटत नाही, आणि वाटलं असतं तर एवढं सरळ लिहिता आलं नसतं. श्रीधरचं नाव या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसले होते. त्याच्याबद्दलही कुणाला वाटलं नव्हतं.

रात्रभर जागून नाचण्याचं वेड मात्र तू आमच्याकडूनच घेतलंस. माणगावच्या जत्रेला तू माझ्या मांडीवर असायचीस. दशावतार रात्री उशिरा उभा राहायचा. मृदंगावर थाप पडली की तू ताठ. संकासुराला घाबरून माझ्या पदरात तोंड लपवायचीस आणि तिथूनच पाय हलवायचीस. बाबा म्हणायचे, घेऊन चल तिला, झोपेल. तू पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत झोपली नाहीस. चतुर्थीला फुगडी घालताना तर तुझ्याबरोबरच्या मुली थकून बसायच्या आणि तू ताईकाकीला ओढायचीस, तिचे गुडघे असे असताना. म्युनिकला गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, हे सगळं आता ऑफिसात आणि थंडीत जिरून जाईल. स्वतःच्या पगाराने, स्वतःच्या हिमतीने तू ते राखलंस. शेजारच्या वहिनींना मी कालच सांगितलं, आमची मिनू हंगेरीला उत्सवाला चाललीय. त्यांनी विचारलं, एकटी? मी म्हटलं, मैत्रिणी आहेत.

आहेत ना गं? म्युनिकहून बुडापेस्टला गाडीने सात तासांच्या आसपास लागतात असं बाबा म्हणाले (म्हणजे बघ, ते किती बोलत नाहीत). तिथून पुढे बस. पण आत गेल्यावर आठवडाभर तंबूत. त्या मैत्रिणींपैकी एकीचा तरी नंबर मला दे, आणि आमचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टाच्या कव्हरात ठेव. मोबाइलची बॅटरी जाते, कागद राहतो.

बाकी बारीकसारीक. मागे पाठवलेले ओआरएसचे पुडे उरले असतील तर ने. नाहीतर आगळाची बाटली आहेच, पाण्यात घाल, मीठ त्यात असतंच. नुसतं पाणी ढोसू नकोस. गवतात बसलीस की रात्री गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड बघ. तिकडच्या गोचिडांनी मेंदूज्वर होतो, त्याची लस तुझ्या डॉक्टरांना विचार, पण आता निघायला इतके कमी दिवस उरलेत की पूर्ण व्हायची नाही, तेव्हा अंगभर कपडे घाल. कानात बोळे घालच. शंभर डेसिबलचा आवाज आठवड्यातून वीस मिनिटांपुरताच बरा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तू तर दिवसरात्र त्यात असणार. तिथे युरो नाही, फोरिंट चालतात.

आणि एक. वर मी लिहिलं, घेऊ नकोस. ते आहेच. पण समज, तुझ्या हातून किंवा मैत्रिणीच्या हातून काही झालंच, अंग तापलं, बोलणं भरकटलं, तर पहिल्या पाच मिनिटांत वैद्यकीय तंबूत जायचं आणि सगळं खरं सांगायचं. काय, किती, केव्हा. तंबू सापडला नाही तर ११२ लावायचा. पोलीस, परवाना, बाबा काय म्हणतील, आई काय म्हणेल, यातलं काहीही त्या वेळी मनात आणायचं नाही. आणि मैत्रिणीला काही झालं तर तिला सोडून जायचं नाही. मग मला फोन कर. मी ओरडणार नाही. बाबा ओरडतील, त्यांना मी बघून घेईन.

पुन्हा तिथेच आले. वाटलं होतं एवढं लिहिल्यावर मन मोकळं होईल, तर आता उगाच वाटतंय की सगळ्या पत्रात गोळ्याच भरल्या. तू हे वाचून बाजूला ठेव आणि पोटभर नाच.

बाबांना निघण्याआधी तू स्वतः फोन कर. माझ्या फोनवर नको, त्यांच्या फोनवर. बस बुडापेस्टला कुठून आणि किती वाजता सुटते एवढंच विचार. त्यांनी ते शोधून ठेवलंय.

तुझी
आई